थंड कपाटातली नऊ फळं

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा मी टेबलाखाली होते.

यात माझी काही चूक नव्हती. शेजारचा गाळा वर्षभर बंद पडलेला. त्या सकाळी कुणीतरी त्याचं लोखंडी शटर असं काही धाडकन वर ढकललं, की मला वाटलं भिंतच अंगावर आली. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात कार्नेशनची जुडी, आणि मी तशीच्या तशी खाली बसले. आत्या मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणते. खोटं कशाला बोलू... बरोबरच म्हणते.

आधी दोन बूट दिसले. मग दोन गुडघे. मग एक चेहरा वाकून आत डोकावला.

"काही हरवलंय का?"

"हो," मी म्हटलं. "रबरबँड."

"ते तुमच्या मनगटात आहे."

होतंच. एक सोडून सहा होते.

"शेजारी फळांचं गोदाम सुरू करतोय आम्ही," तो म्हणाला. "कच्ची फळं येतात, ती पिकवून पुढे पाठवायची, हे माझं काम. शटर जाम झालं होतं. घाबरला नाहीत ना?"

"छे!"

"बरं. मग बाहेर येताय, की मीच खाली येऊ?"

मी इतक्या घाईने उठले की डोकं टेबलाला आपटलं. तो हसला नाही. हसू दाबताना त्याच्या डाव्या गालावर एक छोटी रेघ उमटली, ती मात्र मी पाहिली. पाहायला नको होती. एकदा पाहिलेली गोष्ट माझ्या डोक्यातून लवकर जात नाही.

त्याने एक कार्नेशन घेतलं. एकच, लाल. गोदामातल्या टेबलावर ठेवायला, म्हणे. मी सवयीने सांगायला सुरुवात केली. देठ पाण्याखाली धरून तिरपा कापायचा, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकायची, पेलाभर पाण्यात चिमूटभर साखर, चार थेंब लिंबू, एक थेंब ब्लीच. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं. ऊन नको, पंखा नको.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "साखर किती?"

मी पुन्हा सांगितलं. तो असा मन लावून ऐकत होता की मला घाम फुटला.

आता दुकानाबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझी भीती कुणाला कळायची नाही.

दुकान आत्याचं. तीस वर्षं ओल्या फरशीवर उभी राहून तिचं कंबरेचं हाड झिजलं, शेवटी ऑपरेशन ठरलं. जाताना ती म्हणाली, "महिनाभर तू सांभाळ. सांभाळलंस तर दुकान तुझं. नाही जमलं तर गाळा सोडून देऊ. मी आता यात उभी राहणार नाही." मला या दुकानाशिवाय दुसरं काही येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही नकोही आहे. सकाळी कपाटाचं दार उघडलं की तो गार ओला वास अंगावर येतो, तेव्हाच काय ती मला भीती वाटत नाही.

आत्याचा एक नियम होता. बाजारात फुलं सगळेच विकतात, आपण दिवस विकायचे. म्हणून आमच्याकडे प्रत्येक जुडीला चिठ्ठी बांधतात. कधी आलं, काय आहे, किती दिवस टिकेल. कार्नेशन म्हणजे सात दिवस, आणि ते टिकलंच पाहिजे. कोपऱ्यावरचं हॉटेल याच भरवशावर आमच्याकडे यायचं. दर सोमवारी बारा फुलदाण्या, आणि पुढच्या रविवारपर्यंत एकाही फुलाने मान टाकायची नाही. हॉटेल म्हणजे आमचं अर्धं दुकान. ते गेलं की दुकान गेलं.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. हातात कालचं कार्नेशन. पाकळ्या आत वळून मिटलेल्या, जणू कुणी मूठ आवळली होती.

"झोपलं," तो म्हणाला.

एका दिवसात? "साखर घातली होती?"

"चिमूटभर."

"पाण्याखाली कापलं?"

"तुम्ही सांगितलं तस्संच. देठसुद्धा तिरपा. मीपण थोडा तिरपा उभा राहिलो होतो."

मी त्याला दुसरं फूल दिलं, आणि आमच्या नियमाप्रमाणे पैसे घेतले नाहीत. तेव्हा त्याने खिशातून एक नाशपाती काढून टेबलावर ठेवली. पिवळी, एका गालावर लालसर. "मग ही त्याच्या बदल्यात. पूर्ण खेपेतली सगळ्यात चांगली आहे. आजच खा, उद्यापर्यंत उतरेल."

ती मी खाणार होते, अगदी मनापासून. दुपारी हातात घेतली, वास घेतला, तोंडापर्यंत नेली... आणि थांबले. खाल्ली की संपणार. मग उरणार काय माझ्याकडे? एक बी आणि एक देठ. मी ती ओल्या कागदात गुंडाळली, फुलांच्या काचेच्या थंड कपाटात खालच्या फळीवर, बादल्यांच्या मागे ठेवली. आणि हात सवयीचा... चिठ्ठी बांधली. वार लिहिला. फुलाच्या नावाच्या जागी काय लिहावं कळेना, म्हणून त्याचंच वाक्य लिहिलं.

"गोड होती का?" पुढच्या वेळी त्याने विचारलं.

"खूप."

माझं त्याच्याशी बोललेलं तिसरं खोटं. पहिलं रबरबँडचं, दुसरं "छे!"

असं ते सुरू झालं. दर एक दिवसाआड, गाडी भरून गेली की तो यायचा. मेलेलं फूल इकडे, ताजं फूल तिकडे, आणि टेबलावर एक फळ. सफरचंद, पीच, पुन्हा नाशपाती. मी दर वेळी काहीतरी नवं सुचवायची. पाणी कोमट घ्या. पेला घासून घ्या. आणि तो दर वेळी विचारायचा, "म्हणजे कसं? दाखवा ना." मी दाखवायची. त्याचा हात पाण्यात माझ्या हाताजवळ यायचा, आणि मी देठ भलतीकडेच कापायची.

"तुम्ही बोलताना कात्री खाली का ठेवत नाही?" एकदा त्याने विचारलं.

"सवय."

"मला वाटलं, माझी भीती वाटते."

"कात्री तुमच्यासाठी नाहीये."

"मग कुणासाठी आहे?"

मी उगाच आणखी एक देठ कापला. माझी मलाच भीती वाटत होती, हे सांगायचं कसं?

दुसऱ्या आठवड्यात खरी भीती आली.

हॉटेलच्या मॅनेजरबाई गुरुवारी स्वतः आल्या. त्या कधी येत नाहीत, फोन करतात. त्यांनी कागदात गुंडाळलेली कार्नेशनं टेबलावर ठेवली. सगळी मिटलेली. "सोमवारची आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्या आत्याच्या काळात असं कधी झालं नव्हतं."

मी माफी मागितली, ताजी फुलं दिली, आणि त्या गेल्यावर कपाट उघडलं. आतली कार्नेशनंही मिटायला लागली होती. लिलीच्या कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडलेल्या. मी बादल्या ब्लीचने घासल्या. कात्री उकळली. पाणी दिवसातून दोनदा बदललं. साखर मोजून घातली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकं चार जुड्या परत घेऊन आली.

मग मला वाटायला लागलं की दोष माझ्या हातात आहे. काहींच्या हाताला गुण असतो म्हणतात. माझ्या हाताला दुसरं काही असेल. त्याच्याकडचं फूलही एका दिवसात मरायचं, ते मीच कापलेलं होतं ना? मी माझे हात पाहत बसायची. त्याला यातलं काही सांगितलं नाही. तो आला की मी कपाटासमोर उभी राहायची, म्हणजे काच दिसू नये. तो म्हणायचा, "आज गप्प आहात." मी म्हणायची, "काम आहे." मी नापास होतेय हे त्याला कळलं, की तो येणं बंद करेल. मरणारी फुलं विकणाऱ्या मुलीकडे कोण कशाला येईल?

तिसऱ्या सोमवारी मॅनेजरबाईंचा फोन आला. "ही शेवटची संधी. रविवारपर्यंत उभी राहिली नाहीत तर आम्ही दुसरीकडे बघतो."

बारा फुलदाण्या मी स्वतःच्या हाताने भरल्या. मंगळवारी हॉटेलात जाऊन पाहिल्या, ठीक होत्या. बुधवारी दुपारी गेले तर एका फुलदाणीतल्या दोन पाकळ्या आत वळलेल्या. फक्त दोन. मी तिथे जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले.

त्या संध्याकाळी तो आला तेव्हा काहीच बोलला नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, पीच ठेवलं आणि नुसता हसला. ते नववं फळ.

गुरुवारी सकाळी आत्याचा फोन. मॅनेजरबाईंनी तिला सगळं सांगितलं होतं.

"शेजारच्या गाळ्यात कोण आलंय?" आत्याने विचारलं.

"फळांचं गोदाम."

आत्या कडाडली. "अगं, तीन आठवडे झाले आणि आत्ता सांगतेस? पिकणाऱ्या फळातून वायू सुटतो. वास नाही, रंग नाही. त्याने फुलं म्हातारी होतात. कार्नेशन तर लगेच मिटतं. उगाच का मी तीस वर्षं माझं सफरचंद बाहेर पायरीवर बसून खाल्लं?"

मला वाटायचं, गिऱ्हाईकांसमोर खाणं बरं दिसत नाही म्हणून ती पायरीवर बसते.

"शनिवारी घरमालकांना घेऊनच येते," आत्या म्हणाली. "गाळा कुणालातरी महिन्यापुरताच दिलाय, असं ते म्हणाले होते. करायला लावते खाली."

फोन ठेवला आणि मी कपाटाकडे पाहिलं. मी खाली बसले, बादल्या बाजूला सारल्या. कागद उलगडायची गरजच नव्हती. तो दाट, गोड, उतू चाललेला वास... नऊच्या नऊ तिथे होती. आणि मी आठवडाभर माझ्या हातांना दोष देत होते.

त्याच क्षणी दुसरी गोष्ट कळली, आणि ती जास्त वाईट होती. गोदामाच्या भिंतीला टेकून, कपाटाबाहेर ठेवलेल्या जरबेऱ्याच्या बादलीला काहीही झालं नव्हतं. मेली ती फक्त कपाटातली फुलं. गोदामाचा काही दोष नव्हता. दोष माझा. आणि मी गप्प बसले तर दुकान वाचेल, माझी लाज राहील, नि तो जाईल.

मी फळं पिशवीत भरून घरी नेली. कपाट पुसलं, दार उघडं टाकून हवा खेळवली. शुक्रवारी पहाटे बाजारातून नवी कार्नेशनं आणली, हॉटेलच्या बाराही फुलदाण्या पुन्हा भरल्या. दुपारी तो आला, या वेळी रिकाम्या हाताने.

"घरमालकांचा फोन आला होता," तो म्हणाला. "उद्या येतायत. गाळा सोडावा लागेल बहुतेक. मग आमच्या गोदामाचे मालक मला दुसऱ्या शहरात पाठवतील." तो थोडा थांबला. "तुमची फुलं आमच्यामुळे मेली म्हणे. मला सांगितलं का नाहीत?"

तो वाट पाहत होता, आणि मी, भित्री भागूबाई, टेबलावरचे रबरबँड मोजत राहिले. तो गेला तेव्हा फूल न घेताच गेला.

शनिवारी आत्या काठी टेकत आली, मागे घरमालक. आत्याने शेजारून त्यालाही बोलावून घेतलं. तो दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

"भाऊसाहेब, हा बघा तो पिकवणारा," आत्या घरमालकांना म्हणाली. "चांगला मुलगा असेल, माझं काही वैर नाही. पण फुलं आणि फळं शेजारी नांदत नाहीत."

"आठवडाभरात सोडा गाळा," घरमालक त्याला म्हणाले.

"ठीक आहे," तो म्हणाला. एवढंच. वादसुद्धा घातला नाही.

आत्ता टेबलाखाली गेले तर? पण मग हा निघून जाईल, आणि वाकून कोण बघणार?

"गोदामामुळे नाही," मी म्हटलं.

माझा आवाज इतका बारीक आला की आत्याने कानाला हात लावला. "काय म्हणालीस?"

"फुलं गोदामामुळे नाही मेली. मी फळं ठेवली होती. कपाटात. परवापासून ती तिथे नाहीत, गोदाम मात्र चालूच आहे... आणि ही कालची कार्नेशनं बघ. एकही मिटलेलं नाही."

आत्याने काचेतून पाहिलं. मग माझ्याकडे. "तू कधीपासून फळं खायला लागलीस? डब्यातली केळीसुद्धा परत आणायचीस. उगाच त्याला वाचवायला काहीतरी सांगू नकोस."

"खात नव्हते. ठेवत होते."

"कुठायत मग?"

पिशवी टेबलामागे होती. का आणली होती कोण जाणे, घरी ठेवायलाही भीती वाटली असेल. मी एकेक फळ काढून टेबलावर ठेवलं. सुरकुतलेली, डागाळलेली, एक-दोन तर पार मऊ. आणि प्रत्येकाच्या देठाला चिठ्ठी. ती काढायची मी विसरले होते. पण आता काही उपयोग नव्हता, आत्याने चष्मा लावला होता.

"‘मंगळवार,’" तिने मोठ्याने वाचलं. "‘पुन्हा सांगा, साखर किती?’ ... हे काय आहे?"

"आत्या, नको ना—"

"‘गुरुवार. तुम्ही बोलताना कात्री खाली का ठेवत नाही?’" आत्याचा आवाज हळू झाला, पण ती थांबली नाही. "‘शनिवार. आज उशीर झाला, वाट पाहिलीत? — मी नाही म्हटलं. पाहिली होती.’"

घरमालक एकदम छताकडे पाहायला लागले. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि टेबलासकट मला पोटात घ्यावं. दाराकडे बघायची हिंमत नव्हती.

आत्याने शेवटचं पीच उचललं. "‘बुधवार. आज काही बोलला नाही, नुसता हसला. किती दिवस टिकेल...’" ती थांबली. पुढची जागा मी रिकामी सोडली होती. आत्याने चिठ्ठी हळूच उलटी ठेवली आणि चष्मा काढला.



मग दाराशी तो खाकरला. "मलाही एक सांगायचंय. आमच्या गोदामाच्या आत, पिकवायच्या खोलीजवळ फूल एक दिवससुद्धा टिकत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तोच तर माझा धंदा आहे."

मी वर पाहिलं. "मग साखर?... लिंबू? कोमट पाणी?"

"फूल टिकलं असतं तर आठवडाभर यायला कारण काय होतं?" त्याचे कान लाल झाले होते. "इथे कपाटात फळं आहेत हे माहीत असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. मला वाटलं, तुम्ही खाताय. गोड होती म्हणालात."

"तुम्ही पण खोटं बोललात."

"हो. घाबरलो होतो."

"तुम्ही?"

"तुमच्या हातात कात्री होती."

आत्याने काठी फरशीवर आपटली. मी दचकले, तोही दचकला. "भाऊसाहेब," ती म्हणाली, "चला, आपण चहा घेऊ कुठेतरी. गाळ्याचं नंतर बघू." घरमालकांनी एवढ्या झटपट होकार दिला की ते आधीच दाराबाहेर होते. जाताना आत्या माझ्या कानाशी वाकली. "उद्या संध्याकाळी हॉटेलात जाऊन बघेन. एक जरी मान पडलेली दिसली तर याद राख. आणि ही सगळी घाण कचऱ्यात टाक. चिठ्ठ्या नको टाकूस."

रविवारी संध्याकाळी तिने बाराही फुलदाण्या फिरून पाहिल्या. मी मागे श्वास रोखून. शेवटच्या फुलदाणीपाशी तिने एका कार्नेशनला बोटाने हलकेच टिचकी मारली. ते डोललं आणि पुन्हा सरळ झालं. "सोमवारची फुलंही तूच भर," ती म्हणाली. "आणि त्याच्या पुढच्या सोमवारचीही." माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा दुकानाच्या पायरीवर वाट पाहत बसला होता.

त्याने माझ्यासाठी जागा केली. हातात एक नाशपाती, पिवळी, एका गालावर लालसर.

"आत नेणार नाही," तो म्हणाला. "इथेच खायची. माझ्यासमोर."

मी ती हातात घेतली. गार होती, आणि जड. "संपेल ना."

"फळ संपायलाच असतं. ठेवायची ती फुलं."

"आणि उद्या नाही आणलंस तर?"

तोंडातून निघून गेलं. ‘आणलंस.’ मी जीभ चावली, पण त्याच्या डाव्या गालावर ती रेघ उमटली, आणि या वेळी त्याने हसू दाबलं नाही.

"तर शेजारी येऊन विचार," तो म्हणाला. "शटर उघडंच असतं. फक्त आवाज फार करतं."

मला अजूनही भीती वाटत होती. हे मी कबूल करते. गोदाम जाईल, फुलं मिटतील, तो एक दिवस येणार नाही... सगळं होऊ शकतं. माझा हात थरथरत होता, आणि त्याने तो नाशपातीसकट आपल्या हातात धरला. त्याचाही थरथरत होता.

मी डोळे मिटले आणि एक मोठा घास घेतला. रस हनुवटीवरून मनगटातल्या रबरबँडपर्यंत ओघळला.

"गोड आहे का?" त्याने विचारलं.

"खूप," मी म्हटलं. या वेळी खरं होतं.

त्या नाशपातीला मी चिठ्ठी बांधली नाही.